तीस सेकंदांत मातृभाषा

ज्ञान अनंत आहे आणि माणसाचा अंगठा एकच आहे, ही मानवजातीची मूळ अडचण होय. (अंगठे दोन असतात हे मला ठाऊक आहे, पण दुसऱ्याने फोन धरावा लागतो.) या अडचणीवर पूर्वीच्या लोकांनी गुरुकुल, शाळा, शिकवणी असे नाना उपाय करून पाहिले. त्यात वर्षंच्या वर्षं गेली आणि शेवटी माणसाला आलं काय, तर सतराचा पाढा, तोही सतरा सातेपर्यंत. तीस सेकंदांच्या व्हिडिओने हा प्रश्न आता कायमचा निकालात काढला आहे.

मी स्वतः या पद्धतीने गेल्या दोन वर्षांत सत्तावीस विद्या शिकलो. पैकी काही: गळका नळ दुरुस्त करणे, गुडघेदुखीवर सात आसनं, दोन सेकंदांत शर्टाची घडी, बुडत्या मोटारीतून काच फोडून बाहेर पडणे. आमचा नळ अजून गळतो, पण तो का गळतो हे मी आता कोणालाही उभ्या उभ्या समजावून सांगू शकतो. मोटार माझ्याकडे नाही.

माझं नाव बालाजीराव. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेले ते परतीचा विचार न करता, आणि पुढच्या पिढ्या नोकऱ्यांच्या मागे मद्रासला आल्या. मी एका सरकारी खात्याच्या जावक विभागात चौतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर वेस्ट मांबलमच्या आमच्या मराठी मंडळात 'लघुचित्रफीत शिक्षण उपसमिती' स्थापन केली. सदस्यसंख्या एक. गणपूर्ती एक. आजवरचे सर्व ठराव एकमताने मंजूर झाले आहेत.

प्रस्तुत टिपण उपसमितीच्या पहिल्या कार्यक्रमाविषयी आहे. कार्यक्रम माझ्या घरातच झाला आणि त्यात माझ्या पुतणीचं लग्न पणाला लागलं होतं.

आधी घरातली माणसं सांगतो. धाकटा भाऊ मुरली, ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात तपासणी विभागात. त्याची बायको कनका, शाळेत गणित शिकवते. त्यांची मुलगी संयुक्ता, वय सत्तावीस, श्रीपेरुंबुदूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात इंजिनियर. आणि आमचे वडील रामस्वामी, म्हणजे अप्पा, वय शहाऐंशी. सगळे एकाच फ्लॅटमध्ये राहतो. खिडकी उघडी असली की मांबलम स्टेशनवरच्या घोषणा घरबसल्या ऐकू येतात, त्यामुळे घड्याळ लागत नाही.

आमच्या घरात जी मराठी चालते तिचा मोठा दोष असा की ती फार वेळ घेते. एक नमुना देतो. पाहुणे निघाले की अप्पा म्हणतात, "बैसा हो. उन्हात कोठं जाता? दोन घोट मोर घ्या, पाय निवू द्या, मग वाटे लागा." (मोर म्हणजे ताक. तमिळ शब्द आहे, पण आमच्याकडे इतकी वर्षं राहिला की आता घरचाच.) हे एवढं वाक्य म्हणायला अप्पांना एकेचाळीस सेकंद लागतात; मी मोजले आहेत. मध्ये श्वास घेतात, खाकरतात, समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. एकेचाळीस सेकंदांत आजकाल हृदयाची शस्त्रक्रिया समजावून देतात. असो. वाक्य तुम्ही वाचलंत, मान डोलावलीत, पुढे चला.

तर संयुक्ताला कार्तिक नावाचा मुलगा आवडला. हा मूळचा कराडचा, ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात नोकरीला. एकदा हिच्या कंपनीची बस बंद पडली आणि त्याच्या कंपनीच्या बसने सगळ्यांना उचललं, तिथून सुरुवात. दोघं आपसात इंग्रजी बोलतात, भांडण तमिळमध्ये करतात. तो किती आवडतो हे उपसमितीच्या भाषेत सांगता येत नाही, म्हणून सरळ सांगतो. त्याचा फोन आला की ती गॅलरीत जाते, आणि परत आत येते तेव्हा कॉफीत मीठ पडतं.

मुलाने एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती. वडील अशोकराव काय, कशालाही हो म्हणतील. पण आई, क्षमाबाई, हो म्हणाल्या तरच. त्यांना दुखवून त्याला काही करायचं नव्हतं. म्हणजे सगळं घोडं क्षमाबाईंच्या एका शब्दापाशी अडलेलं.

त्या क्षमाबाईंनी एप्रिलमध्ये कराडहून संयुक्ताला पहिला फोन केला. विचारलं, "काय गं, जेवलीस का?" संयुक्ता घरच्या सवयीने म्हणाली, "जेवण जालं की अम्मा. तुमचं जालं का?" मग क्षमाबाई म्हणाल्या, "अगं, किती जुनी मराठी आहे तुमची. परत बोल बघू." पोरीने घाबरून फोन ठेवून दिला आणि रेंज गेली असं कळवलं.

आता 'जुनी' हा शब्द महाराष्ट्रात काय अर्थाने वापरतात देव जाणे. आमच्या घरात प्रत्येक मराठी शब्द आधी तमिळमध्ये जाऊन येतो, मगच कळतो. कनकाने तो तिकडे नेला आणि परत आणला. "जुनी म्हणजे पळसु," ती म्हणाली. पळसु म्हणजे शिळं. कालच्या भाताला आम्ही तोच शब्द वापरतो, आणि कालचा भात पाहुण्यांना वाढत नाहीत.

संयुक्ता स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. मला म्हणाली, "पेरियप्पा, मी तोंड उघडलं की त्यांना वास येतो." (पेरियप्पा म्हणजे थोरले काका, अर्थात मी.) मला फार वाईट वाटलं. त्या पोरीला मी खांद्यावर बसवून पनगल पार्क दाखवलेला माणूस. क्षमाबाई तीस दिवसांनी घर बघायला येणार होत्या. मी तात्काळ उपसमितीची बैठक बोलावली आणि ठराव केले:

एक, घरातील मराठी मुदतबाह्य झाल्याने आजपासून वापरातून काढून टाकण्यात यावी. दोन, तीस दिवसांत ताजी मराठी आणण्यात यावी. तीन, ताजी म्हणजे त्याच दिवशी सकाळी कोणीतरी फोनवर टाकलेली.

अप्पांनी खुर्चीतून विचारलं, "भाषेस मुदत कोण घातलं?" प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने घेतला नाही.

अभ्यासक्रम असा: प्रत्येकी रोज साठ व्हिडिओ, तीस सेकंदांचा एक, म्हणजे अर्धा तास. प्रत्यक्षात दररोजची सरासरी चार तास दहा मिनिटं पडली, यावरून विद्यार्थ्यांची गोडी दिसून येते. परीक्षा सोपी होती. व्हिडिओ संपल्यावर 'कळलं का?' असं स्वतःला विचारायचं. हो आलं की अंगठा वर. पहिल्या दिवसापासून निकाल शंभर टक्के लागला. चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी असा निकाल पाहिला नव्हता.

या पद्धतीचा खरा मोठेपणा असा की विद्यार्थ्याने काय शिकावं हे विद्यार्थ्यावर सोडत नाहीत. फोन ठरवतो. दुसऱ्या दिवशी कनका चिंच कोळत असताना सासू-सुनेच्या भांडणाचा एक व्हिडिओ लागला. हात बरबटलेले, त्यामुळे तो तीन वेळा आपोआप फिरला. फोनने तिची आवड ओळखली आणि पुढच्या अठ्ठावीस दिवसांत तिला फक्त सासवा दाखवल्या. एकूण सासवा अकराशे चार. मुरली पहाटेच्या कंपनीच्या बसमध्ये पूनमल्लीच्या आसपास झोपतो. तो झोपला तेव्हा समोर जनावरांच्या बाजारातला एक दलाल बैलाचे दात दाखवत होता. बस ओरगडमला पोचेपर्यंत तो दलाल दाखवतच राहिला. तेव्हापासून मुरलीचं शिक्षण बाजारात झालं. संयुक्ताला गॉगल लावून बुलेटवरून उतरणाऱ्या मुलांचे व्हिडिओ मिळाले, कारण कार्तिक बुलेट चालवतो आणि ती एका बुलेटपाशी क्षणभर थांबली. माझ्या वाट्याला 'ही गोष्ट तुम्हाला कोणीच सांगणार नाही' असं सांगणारे ज्ञानी लोक आले. माझ्या लिखाणात त्यांची छाया दिसली तर तो संस्काराचा परिणाम समजावा.

अप्पांना अभ्यासक्रमात घेतलं होतं, पण तिसऱ्या दिवशी नाव कमी करावं लागलं. व्हिडिओतल्या बाईने "कसे आहात?" असं विचारलं. अप्पा "बरं आहे, बाळे, तू कोठली?" म्हणून उत्तराची वाट बघत बसले. बाई लसणाची चटणी करून निघूनही गेली. अप्पा म्हणाले, "पुसती आणि ऐकत न्हाई." शेरा: ग्रहणशक्ती कमी.

तिसाव्या दिवशी मी कुटुंबाची एकत्रित तपासणी केली. जुनी मराठी घरातून समूळ गेली होती. कनका मुरलीला पोळी वाढताना भुवया उडवत होती. मुरलीने शेजारच्या घरी आलेल्या जावयाची छाती रुंद असल्याचं मोठ्याने सांगितलं. मला भरून आलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता पाहुणे आले. क्षमाबाई, अशोकराव आणि कार्तिक. अप्पांची खुर्ची मी आदल्याच दिवशी हॉलमधून उचलून दाराशी, चपलांच्या रॅकशेजारी ठेवली होती आणि पाहुणे असेपर्यंत बोलू नये अशी त्यांना सूचना दिली होती. त्यांनी "बरं" म्हटलं आणि 'हिंदू' पेपरची घडी घालत बसले.

अशोकरावांनीही तयारी केली होती. गाडीत दीड दिवस ते तीस सेकंदांत तमिळ शिकत आले होते, पण त्यांच्या फोनने त्यांना रिक्षावाल्यांशी घातलेल्या वादांचे व्हिडिओ दाखवले. दारातच त्यांनी वाकून अप्पांच्या पायांना हात लावला आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "मीटर पोडुंग." म्हणजे, मीटर टाका. अप्पांना बोलायला बंदी होती, म्हणून त्यांनी नुसता डोक्यावर हात ठेवला. विद्यार्थी विद्यार्थ्याला ओळखतो. मला अशोकरावांबद्दल तिथेच आपुलकी वाटली.

मी स्वागत केलं. "नमस्कार मित्रांनो. शेवटपर्यंत बसा, कारण शेवटी जे आहे ते पाहून तुमचा विश्वास बसणार नाही." (शेवटी केसरी होती, म्हणजे आमच्याकडचा शिरा.) क्षमाबाई जरा हसल्या. ठेंगणी, सावळी, स्वच्छ डोळ्यांची बाई. पिशवीतून त्यांनी स्वतः केलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी काढून कनकाच्या हातात दिली.

कनकाने बरणी उजेडात धरली. एक भुवई वर. मग दुसरी. "अगंबाई, चटणी. बरोबरच आहे, आमच्या घरात कुठलं काय मिळणार, म्हणून शिदोरी घेऊनच आलात." वाक्य बिनचूक आलं. व्हिडिओत यानंतर ढोल वाजतो, तो आमच्याकडे नव्हता, त्यामुळे थोडं ओकंबोकं वाटलं इतकंच.

मग मुरलीने सूत्रं हातात घेतली. तो मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "बघून घ्या पाहुणं, चारी बाजूंनी बघून घ्या. घरच्या दावणीचं हाय. सत्तावीस वर्षांत एकदा लाथ मारली न्हाई. खायला मोजकं, कामाला वाघ. दात बघायचं असलं तर बघा, मागनं तक्रार नको." कार्तिकचे कान लाल झाले. अशोकरावांनी बैलबाजाराच्या सवयीने एक पाऊल पुढे टाकलं होतं, ते मागे घेतलं.

क्षमाबाईंनी कप खाली ठेवला. तरी बाईंचं मन मोठं, त्या संयुक्ताकडे वळून हळूच म्हणाल्या, "शिफ्टमध्ये दमतेस का गं फार?" संयुक्ताने अभ्यासाप्रमाणे मान तिरकी केली, डोळ्यांवर नसलेला गॉगल वर सरकवला आणि म्हणाली, "दमणारे वेगळे. आपला विषय हार्ड आहे. नाद करायचा नाय."

भाषा तीच होती, जी आज महाराष्ट्रात सकाळी टाकतात आणि दुपारपर्यंत दोन लाख लोक बघतात. शब्द सगळे ताजे. पण क्षमाबाई उठून उभ्या राहिल्या.

"तुम्ही आमची थट्टा करताय का?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आम्ही गावाकडची माणसं, ते काही खोटं नाही. पण इतक्या लांब नक्कल करून घ्यायला नव्हतो आलो. चल कार्तिक."

कार्तिक संयुक्ताकडे बघत होता. संयुक्ताचं तोंड असं झालं की मी टिपण घेणं थांबवलं. तिला काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलत होते, पण तीस दिवसांत तिथे दुसरं काही उरलंच नव्हतं. जुनं काढलेलं, नवं हे असं.

क्षमाबाई दारापाशी गेल्या. चपला रॅकमध्ये होत्या, रॅकशेजारी अप्पा होते. एखादी बाई उन्हाची आपल्या घरातून उठून चालली आहे एवढंच अप्पांना कळलं, आणि माझी सूचना ते विसरले.

"बैसा हो," ते म्हणाले. श्वास. "उन्हात कोठं जाता?" खाकरले. "दोन घोट मोर घ्या," मग बाईंच्या तोंडाकडे बघितलं, "पाय निवू द्या, मग वाटे लागा."

क्षमाबाईंचा एक पाय चपलेत होता, तो तसाच राहिला.

"मोर?" अशोकराव घाबऱ्या आवाजात म्हणाले. "मोर घ्यायचा? दोन घोट?"

क्षमाबाईंनी तोंडावर पदर धरला. आधी खांदे हलले, मग त्या हसत हसत चपलांच्या रॅकवरच बसल्या. अप्पांना कशाचं हसू ते कळलं नाही, पण तेही हसले. कनका भुवया खाली आणून आत पळाली आणि आलं-कढीलिंब लावलेलं ताक घेऊन आली. संयुक्ता मोठ्याने रडायला लागली आणि तमिळ, इंग्रजी, जे तोंडाला येईल त्यात सगळं सांगून मोकळी झाली. कार्तिकने आईला मराठीत करून सांगितलं.

"अहो, जुनी म्हणजे जुनी," क्षमाबाई म्हणाल्या. "जपलेली. ऐकून मला किती बरं वाटलं होतं त्या दिवशी. तुम्हाला काय वाटलं?"

"कालचा भात," कनका म्हणाली.

क्षमाबाई मग अप्पांपाशी स्टूल ओढून दोन तास बसल्या. अप्पा तंजावरच्या घरातल्या विहिरीविषयी सांगत होते. एक पोहरा विहिरीत उतरवायला त्यांनी वीस मिनिटं घेतली. कोणी घड्याळ बघितलं नाही. उठताना क्षमाबाईंनी होकार दिला आणि एकच अट घातली. सुनेने लग्नाच्या आधी अप्पांकडून ही मराठी परत शिकायची. "मला घरात ऐकायला हवी," त्या म्हणाल्या. "फोनवर नको दाखवू काही, मी बघत नाही. तुझ्या तोंडून."

हा उपसमितीचा निर्विवाद विजय होता. काही मंडळी याचं श्रेय अप्पांना देतात, म्हणून क्रम स्पष्ट करतो. अभ्यासक्रम झाला नसता तर क्षमाबाई उठल्या नसत्या. उठल्या नसत्या तर दाराशी गेल्या नसत्या. आणि अप्पांची खुर्ची दाराशी कोणी ठेवली होती?

लग्न जानेवारीत, तमिळ तै महिन्यात ठरलं. हातात आठ महिने. संयुक्ता रोज कामावरून आली की अप्पांसमोर बसू लागली, आणि मला जुन्या पद्धतीचे दोष जवळून पाहायला मिळाले. अप्पा एक वाक्य सांगायचे. मग ते वाक्य त्यांच्या आत्याने कोणाला, कधी आणि का म्हटलं होतं ते सांगायचे. मग पाणी मागायचे. मग तिच्याकडून म्हणवून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा, जणू काल काही झालंच नव्हतं. चार दिवसांत वाक्यं सहा. या गतीने मुलगी साठीला आली असती तेव्हा कुठे सासरी जायला पात्र ठरली असती. त्यातच तिची शिफ्ट बदलली. उपसमितीला हस्तक्षेप करावा लागला.

मी अप्पांचेच व्हिडिओ केले. कल्पना इतकी सोपी की कोणाला सुचली कशी नाही, याचंच नवल. खुर्ची तीच, दार तेच, अप्पा बोलतात, मी फोन धरतो. अडचण फक्त लांबीची. म्हणून मी श्वास कापले. खाकरणं कापलं. 'काय सांगत होतो' कापलं. समोरच्याच्या तोंडाकडे बघतात ती जागा तर पूर्णच काढून टाकली, कारण तिथे काहीच घडत नाही. एकेचाळीस सेकंदांचं काम एकोणीसवर आलं. उरलेल्या अकरा सेकंदांत नादस्वरम आणि 'आवडल्यास कळवा' एवढं बसवलं.

असे दोनशे बारा व्हिडिओ झाले. बघणारे एकसष्ट हजार. खाली लोक बदाम टाकतात, 'किती गोड आजोबा' लिहितात, 'आपली भाषा जपली पाहिजे' असं इंग्रजीत लिहितात. घरातही सगळ्यांनी मनावर घेतलं. कनका स्वयंपाकघरात बघते, मुरली बसमध्ये, संयुक्ता गॅलरीत. संध्याकाळी तीन खोल्यांतून अप्पांचा आवाज येतो. अप्पा कधी पाणी प्यायला खुर्चीतून उठायला लागतात, तेवढ्यात आतून त्यांचाच आवाज म्हणतो, "बैसा हो." मग ते परत बसतात. पूर्वी त्यांच्यासमोर रोज एक माणूस बसायचं. आता एकसष्ट हजार बसतात, तेही त्यांना त्रास न देता.

लग्न वेस्ट मांबलमच्याच हॉलमध्ये थाटात झालं. केळीच्या पानावर दोन्ही प्रकारची जेवणं. अशोकरावांनी आचाऱ्याला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं आणि तो रागावून निघून गेला. त्याला मुरलीने परत आणलं. दुपारी कराडच्या मंडळींना सेंट्रलवर गाडी गाठायची होती. सगळे हॉलच्या दाराशी जमले. क्षमाबाई मुद्दाम दोन पावलं पुढे आल्या, सुनेकडे बघून म्हणाल्या, "मी निघते बरं का." आणि थांबल्या.

आम्हा सगळ्यांना कळलं की हीच परीक्षा. संयुक्ताने पदर सावरला.

"बैसा हो. उन्हात कोठं जाता? दोन घोट मोर घ्या, मग वाटे लागा."

उच्चार चोख, ठेका अगदी व्हिडिओतला. मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फोन वर धरला होता.

क्षमाबाई हसल्या, पण गेल्या नाहीत. "आणि मधलं?" त्या म्हणाल्या.

"मधलं काय?"

"मोर आणि वाट, त्याच्या मध्ये होतं काहीतरी. मला आता शब्द नाही आठवत, पण त्या दिवशी मी थांबले ती त्याच्यासाठी. मोराला हसले ते नंतर."

संयुक्ता माझ्याकडे बघू लागली. मी कनकाकडे. आम्ही चौघांनी चार फोन काढले. पहिला व्हिडिओ लावला. त्यात मोर आणि वाट एकमेकांना चिकटून होते, कारण अप्पा त्याच्या आधी तोंडाकडे बघतात आणि ती जागा मी कापलेली, तिच्याबरोबर मधलंही गेलेलं. दुसरा लावला, तिसरा लावला. आम्ही चौघं आठ महिने तेच ऐकत आलो होतो. एकसष्ट हजार लोकांना विचारून पाहिलं. मिनिटभरात एकशे चाळीस उत्तरं आली, त्यातले एकशे अडतीस बदाम होते आणि दोघांनी 'पुढचा भाग कधी' असं विचारलं होतं.

गाडीची वेळ झाली. क्षमाबाईंनी सुनेच्या गालावरून हात फिरवला, "असू दे," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या. पण संयुक्ता बराच वेळ दाराशी उभी होती आणि नवऱ्याने हाक मारली तरी वळली नाही.

तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही वाचणारी माणसं, तीस सेकंदांच्या नादी न लागणारी. आमची कीव करत इथवर आलात. ते वाक्य तुम्ही आज एकदा सोडून दोनदा, पूर्ण, न कापलेलं वाचलं आहे. तेव्हा सांगा. मोर आणि वाट यांच्या मध्ये काय होतं? वर बघायचं नाही.

बघितलंत. हरकत नाही, आम्हीही तेच केलं. चौघं माना खाली घालून फोन वर सरकवत राहिलो. अप्पा तिथून दहा पावलांवर, केळीच्या खांबाशेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांना विचारायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं होतं का?